बिराजदारांचं जुनं मशिन

साखर पेठेतल्या पतसंस्थेत एक मशिन होतं,
पांढरं म्हणून घेतलेलं, आता भुईमुगाच्या टरफलाच्या रंगाचं.
सोनेतारणाचा सगळा हिशेब त्याच्या पोटात.
एप्रिलात, त्रेचाळीस डिग्रीत,
लाईट गेली. लाईट आली.
ते आलं नाही.

"विजया, नाडी बघ बाई,"
कॅशियर बिराजदार म्हणाले.

झाकण उघडलं. आत सुताचा भुगा,
एक वाळलेली पाल,
पापडासारखे फुगलेले कपॅसिटर.
"हा प्रोसेसर. करतो ते सगळं हाच.
पण कळतात दोनच गोष्टी त्याला:
वीज आहे, वीज नाही."
"तेवढं आमच्या गल्लीतल्या कुत्र्यालाही कळतंय की."
"कळतं. पण हा सेकंदाला
दोनशे कोटी वेळा विचारतो."

ही रॅम, तुमच्या काउंटरची फळी:
चालू काम वर मांडायचं,
लाईट गेली की फळी साफ.
आणि ही डिस्क, तिजोरी,
उघडायला जड, पण रात्रीतून काही हलत नाही.
तिजोरी शाबूत होती.
बाकी सगळं भंगार.

मी पंचाईतीत. तो सोनेतारणाचा प्रोग्रॅम
नव्या मशिनवर पायच ठेवीना,
आणि लिहिणारा पोरगा आता कुठल्या देशात, कुणाला माहीत.

म्हणून मी लोखंडाशिवाय एक मशिन बांधलं.

हे नायनाला सांगताना जास्त बोलावं लागलं नाही.
त्याचा जन्म पुठ्ठ्याला भोकं पाडण्यात गेला:
भोक आहे, सुई आत, दोरा वर;
भोक नाही, सुई अडली.
अशा हजारो हो-नाहीतून
चादरीवर मोर उठायचा,
आणि पुठ्ठ्यांची माळ दुसऱ्या मागावर चढवली
तर तिथंही तोच मोर.

"पण एका मागावर चौघं?" त्यानं विचारलं.
नव्या डब्यात चार मशिनं आहेत, नायना,
बचत, कर्ज, हजेरी आणि हे म्हातारं.
वर एक मुकादम बसवलाय.
तो प्रोसेसर वाटून देतो, रॅम मोजून देतो,
एकाला दुसऱ्याच्या ताटात हात घालू देत नाही.
"म्हणजे आमची भद्रावती पेठेतली खोली.
एक खाट, तीन पाळ्या.
मी उठलो की मल्लेशम निजायचा."
तसंच. फक्त पाळी इतक्या झटक्यात बदलते
की उशी गार होत नाही,
आणि प्रत्येकाला वाटतं
आपण खाटेवरून उठलोच नव्हतो.

नायना हसला. मग म्हणाला,
"खोटं बोलतो की तुझा मुकादम."

बोलतो.
म्हातारं विचारतं, माझी डिस्क? तो म्हणतो, आहे.
खरं तर ती आता एक फाईल आहे, पेन ड्राईव्हवर मावेल एवढी.
म्हातारं विचारतं, माझा खडखडणारा प्रिंटर?
आहे, आहे.
प्रिंटर मी परवाच
अकरा किलोंच्या भंगारात तोलून दिला.

सोमवारी बिराजदार बसले.
तोच निळा पडदा, तीच हिरवी अक्षरं,
पासवर्डमध्ये बायकोचं तेच नाव.
सवयीनं त्यांनी टेबलाखाली पाय लांबवला,
जिथं ते मशिन हिवाळ्यात तळवे शेकायचं.
तिथं फरशी.
काही बोलले नाहीत. चष्मा पुसला,
अकरा तोळ्यांची नोंद केली.

साडेपाचला पडद्यावर आलं:
संगणक आता बंद करता येईल.
ते उठले, नव्या डब्यापाशी गेले,
भिंतीवरच्या बटणाकडे हात.
मी ओरडलेच, "काका, नको!
आत अजून तिघं कामावर आहेत."

हात तसाच हवेत.
मग त्यांनी तो हळूच खाली घेतला,
पंखा बंद केला, दार लोटलं,
आणि पायऱ्या उतरेपर्यंत
माझ्याशी दबक्या आवाजात बोलत राहिले.