दोन सूत

सिडकोत, पवननगरच्या भाजीबाजारामागे माझं दुकान.
एक मशीन, एक आरसा, मापांच्या एकोणीस वह्या.
वजनकाटा नाही.
काटा सगळं एकदमच सांगून टाकतो,
टेप बिचारी एकेका जागेचं बोलते.

आषाढ सरता सरता कुमुदिनी कोठावदे आली,
हातात अठ्ठ्याण्णवचा ब्लाउज, मीच शिवलेला,
रंग काळ्या द्राक्षाचा.
दिवाळीत शाळेच्या मुलींनी जमायचं ठरवलंय म्हणे,
सगळ्या पन्नाशीच्या मुली.
"उसवायचा नाही हं. मीच उतरणार आहे त्याच्यात."

पर्समधून निघाला हिरवा डबा, कॉलेज रोडचा.
डब्यावर पान, पानावर दव,
दवाखाली एक बाई, पोट नसलेली.
सोबत गोळ्या, त्याच पानाचा अर्क,
सकाळी दोन, रात्री दोन.
दूध नाही, साखर नाही. "सवय होते गं."

मी माझ्यातला अर्धा कप पुढे केला होता :
कुंडीतला गवती चहा, आलं, म्हशीचं दूध.
तिने वास घेतला.
नुसता वास.

वहीत आहे सगळं.
श्रावण : दंड साडेतेरा.
भाद्रपद : दंड साडेतेरा,
टेप जरा आवळून सव्वातेरा.
"किती?"
"उतरतंय."
काट्यावर म्हणे दीड किलो गेलं.
कुठून गेलं ते टेपला सापडलं नाही,
चेहऱ्यावरून गेलं असावं, तिथे मी माप घेत नाही.
झोप उडाली होती.
पहाटे पाचला गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर फेऱ्या,
छातीत धडधडतं म्हणाली, आणि हसली.
मग लिव्हरचा रिपोर्ट वर सरकला,
डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्या. चहा तेवढा राहिला.
"तो काय, पाण्यासारखाच."
"पाण्यासारखाच," मी म्हटलं.

दिवाळी चार दिवसांवर. ब्लाउज खिळ्याला तसाच.
रात्री शटर अर्ध्यावर ओढलं आणि उसवायला बसले.

शिवणीच्या आत आम्ही कापड राखतो, त्याला माया म्हणायचं.
तेव्हा दोन्हीकडे इंचभर ठेवली होती.
चोवीस वर्षांची ती, बोट लावून म्हणाली होती,
एवढी कशाला वाया घालवतेस?

आत कापड अजून काळ्या द्राक्षाचं,
बाहेरचं उन्हाने, धुण्याने राखेकडे गेलेलं.
सहा सूत सोडलं. नवी टीप घातली.
जुन्या टाक्यांची भोकं इस्त्रीच्या वाफेवर बुजवली,
बुजली तेवढी.

दुसऱ्या दिवशी हुक लागले.
सगळे. शेवटचासुद्धा.
ती आरशासमोर वळली, परत वळली.
"बघ, लागू पडला की नाही चहा!"
मी टाचण्या तोंडात धरल्या.
तोंडात टाचण्या असल्या की बोलावं लागत नाही.

मग केस सारखे करायला तिने हात वर नेला.

काखेखाली दोन रंग.

हात थोडा वेळ तसाच वर राहिला.

नोटांच्या प्रेसमध्ये नोकरी, मोजण्यात हात बसलेला,
तरी माझे पैसे तिने दोनदा मोजले.
पिशवी घेतली. चपला घातल्या.
पायरीवरून, आरशाकडे न बघता,
"आत अजून आहे का गं, माया?"

"आहे की," मी म्हटलं. "दोन सूत."