मुळासकट

रात्रपाळी संपवून मी धक्क्यावर येतो
तेव्हा इसोगाई बसलेला असतो आधीच,
रंगाच्या पालथ्या डब्यावर, बिवा सरोवराकडे तोंड करून.
मार्चचं पाणी. बोट बुडवतो, म्हणतो, नऊ अंश.
थर्मामीटर त्याच्या खिशात असतो, तो काढत नाही.

आज रविवार, तोमोया आलाय, बारा वर्षांचा,
मामाची जाडजूड काठी घेऊन,
दोर असा की म्हैस बांधावी.
चिझुरु हसते. ती इस्पितळातून येते थेट,
पांढरे बूट अजून पायात.
"इतक्या नितळ पाण्यात हा दोरखंड?
आपल्याला दिसतो तसा माशालाही दिसतो रे."
आणि स्वतःचं जादा रीळ काढून देते, चार पौंडी,
केसाहून जरा जाड, उन्हात धरलं की नाहीसं होणारं.

मग शिकवणी.
इसोगाई रबरी गांडूळ घेतो, कोळंबीच्या रंगाचं,
त्याच्या कमरेत काळं कडं चढवतो,
कड्याखालून गळ, आणि डोक्यात
एक खिळा. दीड ग्रॅम. जास्त नाही.
"डोकं खाली घालून उतरलं पाहिजे,
शेपूट वर, चिखलात काही हरवल्यासारखं.
याला नेको म्हणतात."
"मांजर?"
"मांजर नव्हे. नेकोसोगी. मुळासकट.
एकही मासा मागे राहत नाही, म्हणून."

मी म्हणतो, गांडूळ हलवू नकोस, दोराची ढील हलव.
चिझुरु म्हणते, काहीच हलवू नकोस,
एकशेवीस आकडे मोज, मग बघ.
सहा वर्षं झाली या भांडणाला.
इसोगाई त्यात पडत नाही. त्याला जागा माहीत आहेत:
दुसऱ्या खांबाची सावली, नऊ ते साडेनऊ;
बुडालेल्या बोरूंच्या पश्चिमेला वीतभर खळगा;
दक्षिणेचा वारा दोन दिवस टिकला, तर तिसऱ्या दिवशी.

त्याच्या घरी फुना मुरायचे, मीठभातात,
लाकडी पिंपांत, वर दगड ठेवून, दोन दोन वर्षं.
बायको गेली त्या साली पिंपं कोरडी होती.
बाहेरून आणून सोडलेल्या या मोठ्या तोंडाच्या माशाने
फुनाची पिल्लं संपवली, असं त्याने ऐकलं,
आणि उसनी काठी आणून सूड घ्यायला इथे बसला.
त्याला बावीस वर्षं झाली.
आता बास कधी भुकेला असतो, कधी रुसतो,
कधी नुसता हुंगून मागे फिरतो,
हे त्याच्याइतकं या काठावर कुणाला कळत नाही.
पाण्यात राहून माशाशी वैर म्हणतात,
पाण्याकाठी बसूनही ते जमत नाही फार दिवस.

सव्वानवाला दोर बाजूला सरकला.
ओढ नाही, टकटक नाही, नुसता सरकला,
शेजारून कुणी न सांगता उठून जावं तसा.
"झटका नको," इसोगाई कुजबुजला,
"गुंडाळत राहा. काठी आपली आपण वाकेल."

त्रेचाळीस सेंटिमीटर. पोट गच्च, अंड्यांनी.
तोमोया गुडघ्यावर, ओल्या हाताने,
अंगठा माशाच्या खालच्या ओठात.
मासा तोंड उघडं ठेवून स्थिर.
"याला आता..." तो म्हणाला, आणि पाण्याकडे बघितलं.

धक्क्याच्या सुरुवातीला पेटी आहे, सरकारी, झाकणाची.
इथला बास पकडला की परत पाण्यात जात नाही. नियम आहे.
आकडे किती मोजावेत यावर भांडणारे आम्ही
कुणीच काही बोललो नाही.
मी शिशाचे मणी निवडत बसलो.
चिझुरुने बांधलेली नाडी सोडून पुन्हा बांधली.

चाळीस पावलं. झाकण.
आत थोडा वेळ आणखी आवाज.

तो परत आला हात पँटला पुसत.
इसोगाईने डब्यावर सरकून जागा केली.
"शेवटचा हातभर दोर तपास," म्हणाला,
"मासा लागून गेला की खरबरीत होतो.
डोळ्याला दिसत नाही. ओठांतून ओढून बघ."

तोमोयाने दोर ओठांत धरला, हळूहळू ओढला,
एका जागी थांबला,
मागे नेऊन
पुन्हा तिथूनच ओढला.