येळ्ळूर, चौथी ब

चौथीचा पीटीचा तास गणितानं नेला,
तो परत आणायला कुणी गेलं नाही.
मैदानात लांबउडीचा खड्डा,
त्यात मांजर व्यालंय.

चन्नाप्पा सर कन्नडमधून म्हणतात, कुतको.
मी मराठीतून म्हणते, बस.
एवढ्या एका शब्दावर
दोन्ही भाषांचं भांडण नाही.

रेणुकाला व्हॅन दारातून उचलते, दारात सोडते;
मग पलंग, मोबाईल, खारी बुंदी.
"पळून दाखव की गं," म्हटलं परवा,
तर विचारते, "कुठवर, बाई?"

म्हटलं, "खड्ड्यापर्यंत."
तेवढ्यात मांजर एक पिल्लू तोंडात धरून
कंपाउंडपल्याड सुटलं —
मागं रेणुका, मागं अख्खी चौथी,
पायांत चपला नाहीत.

सरांनी तोंड उघडलं, मी पण;
दोघांनाही शब्द सापडेना.

व्हॅन हॉर्न देत राहिली.