टेप

टेप तीस मीटरची आहे.
सुरुवातीचे आकडे घासून गेलेत,
म्हणून मी एक मीटरपासून धरतो
आणि शेवटी एक वजा करतो.
हे मला बोरस्ते जमादारांनी शिकवलं, पहिल्या पंचनाम्याला.
म्हणाले, जीव नाही हे कळलं की माणसाकडं बघत बसू नको,
रस्त्याकडं बघ.
माणूस आता कुठं जात नाही,
ब्रेकच्या खुणा जातात.

अठरा वर्षं झाली दिंडोरी-वणी रस्त्यावर.
माझं अक्षर बरं, म्हणून लिहिणं माझ्याकडं.
"सदर रस्ता डांबरी, दक्षिणोत्तर, रुंदी सात मीटर,
पूर्वेस द्राक्षबाग, तारेचं कुंपण,
कुंपणास लागून एक चप्पल, डावी."

तिमाही बैठकीत साहेब विचारतात, कल काय आहे?
कल मला पिकावरून कळतो.
ऑगस्टात टमाटा निघाला की पिकअप.
लिलाव गाठायचा असतो पिंपळगावचा;
वळणावर आधी कॅरेटची थप्पी कलते, मग गाडी.
छाटणीला पेठ-सुरगाण्याची माणसं,
एका मोटारसायकलवर तिघं,
चौथं पोटाशी बांधलेलं, ते मोजत नाहीत.
द्राक्षं तयार झाली की रात्रीचे कंटेनर.
चैत्रात गडावर निघालेले पायी;
साइडपट्टीची खडी टोचते,
म्हणून पांढऱ्या रेघेच्या आतून चालतात.

हेल्मेट आता बहुतेकांकडं असतं.
आरशाला अडकवलेलं.
मी जप्तीत लिहितो:
हेल्मेट, एक, सुस्थितीत.

बोरमाळ फाट्याची फाइल तीनदा वर गेली, तीनदा खाली आली.
तीन वर्षांत, पाचशे मीटरच्या आत,
मयत किंवा गंभीर, असे पाच अपघात लागतात.
मग दिवा मिळतो, रम्बलर मिळतात,
पिवळा फलक मिळतो.
आमचे चार बसतात.
पाचवा पाचशे अकरावर आहे.

पाचवी म्हणजे मंगी भोये, वय बत्तीस.
कामावरून परत येताना, सव्वासहा,
जवळ छाटणीची कात्री, रिकामा डबा.
सिव्हिलला चौतीस दिवस होती.
तिसाव्या दिवसापर्यंत गेलं तर मयत,
पुढं गेलं तर कागदावर जखमीच राहतं.
तिचा भाऊ दाखल्यासाठी आला तेव्हा
मला हे त्याला समजावून सांगावं लागलं.
त्यानं नीट ऐकून घेतलं.
म्हणाला, मग ती चार दिवस आधी...
आणि थांबला.
मीही रजिस्टर मिटलं.
त्या तिमाहीत मयतांचा आकडा एकानं खाली आला,
बैठकीत चहाबरोबर बिस्किटं होती.

रविवारी, सुटी होती माझी,
होमगार्ड रंगनाथला उठवलं,
म्हटलं, चल, परत मोजू.
मला रात्री सुचलं होतं:
बाहेरच्या कडेनं मोजलंय आपण.
वळण आहे ते.
आतल्या कडेनं कमी भरेल.

मी टोक धरलं, तो चालत गेला,
चुन्यानं खूण, परत टोक, परत खूण.
बागेतून डीपिंगच्या बाया बघत होत्या.
रंगनाथ आकडे ओरडायचा, मी तळहातावर लिहायचो,
दर टेपेमागं एक वजा.

पाचशे तीन.

रंगनाथ म्हणाला, वजा नका करू की एखाद्या वेळी.
खाली बघत म्हणाला.
घासलेली टेप आहे, कोण विचारतंय.
खरं तर वजा न केलं तर वाढतं, कमी होत नाही,
हे त्याच्या ध्यानात नव्हतं.
मी सांगितलं नाही.

तेव्हा एक पिकअप आली, कॅरेट शिगोशीग,
लांबूनच गिअर बदलला तिनं,
आमच्याजवळून बैलगाडीसारखी गेली.
मागची दुधाची गाडी, तीही.
एक पोरगं बुलेटवर, त्यानं तर
आरशावरचं हेल्मेट काढून डोक्यात घातलं.

मी घड्याळ पाहिलं.
आम्ही आलो तेव्हापासून एक तास दहा मिनिटं,
सगळे हळू गेले होते.
खाकी नव्हती अंगावर. नुसती टेप.

रंगनाथ गुंडाळायला लागला.
म्हणाला, चला साहेब, ऊन झालं.
मी म्हटलं, धर, मघाचं चुकल्यासारखं वाटतंय.
आणखी एकदा मोजू.