वाघोलीची खाण

बोकील मॅडम बसमध्येच म्हणाल्या,
जीवाश्म वगैरे शोधू नका.
आगीतून आलेला दगड कुणाला जपून ठेवत नाही.

तरी रेवण काळ्या बेसाल्टशी
दुपारभर भांडत बसला.
फुटला तेव्हा आत पोकळी निघाली,
साडेसहा कोटी वर्षांपूर्वी अडकलेला बुडबुडा,
त्यात स्टिल्बाइट, पांढरं,
बांधलेल्या पेंढीसारखं.
हाताला दोन फोड.

परतताना वजनकाट्यापाशी
वाळून गेलेल्या सिमेंटवर
कुत्र्याची पावलं, वाकडीतिकडी,
आणि त्यांच्यामागे धावणारी
एक अनवाणी टाच, बोटभर.

काट्यावरची बाई हसली.
"आमची दुर्गी. आता दहावीला हाय."

रेवणने होकायंत्र ठेवून दिशा घेतली,
फुटपट्टीने खोली मोजली,
वहीत लिहिलं:
ठसा क्रमांक एक. वय: दहावी.

मॅडमनी वही तपासली,
शुद्धलेखन सुधारलं.
वय तसंच राहू दिलं.