हिराकस

हसुराम मढवी तो घेऊन आले साडीच्या खोक्यात,
वर डांबराच्या दोन गोळ्या.
म्हणाले, घणसोलीहून चालतच आलो,
बसमध्ये दाबला गेला असता.

खोकं मी लगेच उघडत नाही.
कोपरखैरण्याच्या या वरच्या खोलीत
आधी हवेतला ओलावा बघायचा, मग कागद.
खाडी इथून दिसत नाही,
पण भिंतीवरच्या काट्याला ती रोज कळते.

बांधाचा कौल आहे.
खारं पाणी अडवा, चौथ्या वर्षापासून धारा द्या,
खांड पडली तर घरटी एक माणूस,
टोपली ज्याची त्याची.
हा मजकूर बोरूचा, काजळीच्या शाईतला.
दीडशे वर्षं नुसता कागदावर बसून आहे
परक्या घरी आल्यासारखा,
कशाला हात न लावता.

खाली नावं.
ती मात्र कचेरीतल्या दौतीतली:
मायफळ, हिराकस, बाभळीचा डिंक.
ही शाई उमटते फिकी, मग काळी होते,
मग तपकिरी,
मग तिला भूक लागते.

अटी शाबूत. माणसं खाल्लेली.

हाच हिराकस. सातव्या महिन्यात
मला रोज एक गोळी असायची,
रक्त भरावं म्हणून.
जिभेवर उरायची ती चव
या कागदाच्या वासात आहे.

"यातला आमचा कनचा?"
मी बोट टेकवत नाही, वरूनच दाखवते.
चौथी ओळ. जोमा बिन काथोर.
म्हणजे जोमा तिथं नाही.
जोमाच्या आकाराचं भोक आहे,
मोडीतलं, हात न उचलता काढलेलं.
खाली काळी मखमल सरकवली
तेव्हा तो वाचता आला.

हसुरामनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.
मोडी त्यांना येत नाही.
तरी बराच वेळ वाचत राहिले.

"ताई, भरून टाका ना भोक.
शाईनं काढा परत नाव. तुम्हाला येतंय ना वाचता?"
येतं.
पण गेलेलं अक्षर मी लिहीत नाही.
"मग करता काय तुम्ही?"
थांबवते.

ओली पट्टी अक्षराच्या काठाला टेकवली,
गुलाबी झाली.
लोखंड अजून जागं आहे.
नुसत्या पाण्यात घातला तर ते पसरेल,
जिथं कुणाचंच नाव नव्हतं
त्या कोऱ्या जागेवरही चालून जाईल.
त्याला धरून ठेवणारं औषध
भाताच्या कोंड्यातून निघतं.

"कोंडा?" ते पहिल्यांदाच हसले.
"तो तर आम्ही कोंबड्यांना घालायचो."
मग खिडकीशी जाऊन त्यांनी हात लांब केला:
त्या नर्सिंग होमच्या पार्किंगपासून
पार टाकीपर्यंत बांध होता.
आत राता पिकायचा, तांबडा भात, खारं सोसणारा.
आजी सडायची तेव्हा अंगणभर धूळ उडायची,
आम्ही शिंकायचो.

ते गेल्यावर मी ट्रे भरला.
कागद खाली उतरला, जड झाला,
पाण्यात जरा पिवळं सुटलं.
घड्याळ लावून बसले.
कोंड्यातलं ते काहीतरी
जोमाच्या काठाकाठानं फिरत असेल,
एकेक कण पकडत.
दिसत काहीच नाही. या कामात
दिसलं तर काहीतरी चुकलेलं असतं.

मग चुन्याचं पाणी, निवळून घेतलेलं. मग सरस.
मग मागून जपानी कागद,
कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ.
शेवटी वजनाखाली तीन दिवस.
'मा'च्या पोटातला तुकडा मिळाला नाही.
खोकं झटकून पाहिलं,
डांबराच्या गोळीचा चुरा निघाला फक्त.

शनिवारी हसुराम न्यायला आले.
उजेडाकडे धरून पाहिलं,
पापुद्र्याआडून जोमा थोडा धूसर दिसतो आता.
पैसे मोजून दिले, पावती घडी करून खिशात ठेवली,
दारापर्यंत गेले, आणि परत वळून म्हणाले,
ते काळं फडकं देता का,
घरी पोरांना दाखवताना लागेल.

मखमलीचा तुकडा दिला.
बिलात धरला नाही.