आठवा हिस्सा मागे

सावर्ड्यात ट्रकांची रांग लागायची तेव्हा
टिपरचा डिफरन्शियल मी आणि इनास
साखळीला टांगून, छाती लावून उतरवायचो.
काळं तेल कोपरापर्यंत.
रात्री भातालाही त्याचाच वास.

आज तो माझ्या तळहातावर आहे,
लहान चिकूएवढा.

शर्वाणीची गाडी, खऱ्याच्या दहाव्या हिश्श्याची.
गेल्या रविवारी, खाणीचा माल साठायचा त्या प्लॉटवर,
जिथं आता पोरांनी माती दाबून उड्या बांधल्यात,
तिसऱ्या उडीनंतर ती किंचाळली.
सगळे म्हणाले, मोटर गेली.
मी म्हटलं, नाही. आतून घसरतंय.
हा आवाज ओळखीचा आहे,
एवढ्या बारीक गळ्यातून कधी ऐकला नव्हता, इतकंच.

टेबलावर पांढरा टॉवेल पसरला.
गोळी पडली तर टॉवेलवर थांबते,
फरशीवर थांबत नाही.
"तो न्हाणयेंतलो तुवालो न्हय?" आतून बायको.
मी ऐकलं नाही.

स्क्रू सुटला. स्प्रिंग. टी-नट.
दोन्ही कप वेगळे झाले आणि ग्रीसमध्ये
आपली लाल माती.
खाण बंद पडून किती वर्षं झाली,
हिला कुणी कळवलंच नाही.
वाळत घातलेल्या कपड्यांत होती, खोकल्यात होती,
आता इथं,
पोलादाच्या दोन कड्यांमध्ये,
जिथं केससुद्धा शिरू नये.

कडीवर गोळ्यांनी चर पाडलाय.
दिसत नाही, नखाला लागतो.
काचेवर हजार नंबरचा पॉलिश पेपर,
पेपरवर कडी, कडीवर एक बोट,
आणि मराठी चार काढायचा,
वरून उघडा न ठेवता बंद करायचा,
पुन्हा चार, पुन्हा बंद.
दाबायचं नाही.
चकाकी जाऊन सगळीकडे सारखं धुकं आलं
की पुरे.

नव्या गोळ्या इनासनं पाठवल्यात.
तो स्विंडनला. गोदामात, रात्रपाळी.
पाकिटात बारा गोळ्या, टंगस्टन कार्बाइडच्या,
चिठ्ठीवर एकच ओळ: मोजून घे.

मोजल्या. अकरा.

मग मी पोटावर, शर्वाणी पोटावर,
मोबाइलचा उजेड फरशीला चिकटवून.
कपाटाखाली एक सापडली. काळपट, गोल.
चिमट्यात धरली तर फुटली.
मोहरी.
शर्वाणी इतकी हसली की मांजर उठून गेलं.
बारावी पाकिटातच होती,
कोपऱ्याच्या घडीत अडकलेली,
विमानानं आली तशी.

पारदर्शक ग्रीस या गोळ्यांना,
काळं ग्रीस थ्रस्टच्या गोळ्यांना, त्या तर खसखस.
अदलाबदल झाली की सगळं धुऊन पहिल्यापासून.
गिअरच्या भोकांत एकेक गोळी बसवताना
श्वास कधी घ्यायचा ते बोटं ठरवतात.

आवळ. कप फिरव. आणखी थोडं आवळ.
स्प्रिंग पूर्ण दबली? थांब.
आता आठवा हिस्सा मागे.

"मागे कशाला?"

मी टिपरचा माणूस.
आमच्यात नट आवळायचा म्हणजे
पान्याला पाइप घालून दोघांनी लोंबकळायचं.
मागे घेणं कुणाला शिकवलं नाही.
इनासनं पासपोर्ट दाखवला त्या दिवशी
मी जॅकखाली शिरलो तो
त्याची स्कूटर सुरू होऊन जाईपर्यंत
बाहेर आलो नाही.

तिला एवढंच सांगितलं:
वळणावर आतलं चाक थोडं चालतं,
बाहेरचं जास्त.
दोघांना सारखंच चालायला लावलं
तर गाडी वळत नाही, फरफटते.

आता एक चाक मुठीत धर.
दुसरं फिरू दे, अगदी मंद.
दोन मिनिटांनी हे सोड, ते धर.
मग स्क्रू पुन्हा तपासू.

"जालें?" बायको दारात, हात पुढे करून, टॉवेलसाठी.
"बसूं दी मगो थोडें."
शर्वाणीच्या मुठीत चाक थरथरतंय.
टॉवेलवर मधोमध काळा डाग,
बारका,
तो काही जायचा नाही.